डायवरभाऊंचा पट

डायवरभाऊंना मागे टाकून कोणी पुढे गेलं की त्यांना बरं वाटायचं. वाशीम-रिसोड रस्त्यावर मी बरीच वर्षं त्यांच्या लाल गाडीवर कंडक्टर होते, आणि त्यांनी चालत्या वाहनाला ओव्हरटेक केल्याचं मला आठवत नाही. समोर कुटाराने, म्हणजे भुशाने, भरलेला ट्रॅक्टर डुलत चालला असला तरी ते निवांत त्याच्या मागे राहायचे. मागून हॉर्न वाजला की गाडी डावीकडे घ्यायचे, खिडकीतून हात बाहेर काढून "जा बापा" म्हणायचे. तो गेला की आरशात बघायचं एक काम कमी झालं, अशा समाधानाने मान हलवायचे. कॉलेजची पोरं मागून ओरडायची, बाया मला म्हणायच्या, तुमच्या डायवरले सांगा जरा. मी सांगायची नाही. सांगून उपयोग नव्हता.

अशा माणसाने निवृत्तीनंतर मोटारींची शर्यत भरवली, हे ज्यांनी ऐकलं ते आधी हसले. ज्यांना कारण माहीत होतं ते हसले नाहीत, त्यांनी नावं ठेवली.

त्यांचं नाव नामदेव, पण अनसिंगपासून रिसोडपर्यंत ते सगळ्यांचे डायवरभाऊच. अनसिंगच्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, आणि वस्तीतून पक्क्या नोकरीला लागलेले भाऊ पहिलेच. त्या नोकरीचा त्यांना अभिमान होता, पण तो बोलण्यात नव्हता, कपड्यांत होता. खाकी शर्टाची घडी कडक असायची आणि बुटांना रोज पॉलिश. चपलेवर गाडी चालवणारा माणूस दिसला की त्यांचा चेहरा पडायचा. एकदा मालेगावच्या फाट्यावर एका जीपवाल्याला त्यांनी खाली उतरवून त्याची चप्पल हातात घेतली आणि ती पेडलखाली कशी अडकते ते त्याच्याच जीपमध्ये बसून दाखवलं. तो जीपवाला पुढे भेटला की आधी पाय पुढे करून बूट दाखवायचा.

दुसरी सवय फोनची. सीटवर बसण्याआधी ते आपला मोबाईल माझ्या हातात द्यायचे. "हा आवाज माह्या कानात नको, बाई," म्हणायचे. "महत्त्वाचं काही असन तं तुमीच सांगा." त्यामुळे त्यांच्या घरचे निम्मे निरोप माझ्याकडून जायचे. वच्छलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, फोनवर मलाच सांगायच्या की येताना वांगी आणायला सांगा, संदीपची परीक्षा संपली म्हणून सांगा, संदीपला पुण्यात नोकरी लागली म्हणून सांगा. संदीप हा त्यांचा एकुलता एक मुलगा.

संदीपला गाडी शिकवल्याची गोष्ट त्यांनी मला रिसोडच्या स्टँडवर चहा पिताना कितीतरी वेळा सांगितली असेल. एका ओळखीच्याची जुनी जीप त्यांनी मागून आणली होती आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पोराला बसवलं होतं. पहिले काही दिवस त्याला फक्त थांबायला शिकवलं. थोडी हलवायची आणि उभी करायची, पुन्हा हलवायची आणि उभी करायची. पोरगा कंटाळून रडकुंडीला आला. "गाडी पळवाले अक्कल नाही लागत, बाई. उभी कराले लागते," असं म्हणून ते बशीतला चहा संपवायचे. संदीप आपल्यापेक्षा सफाईने चालवतो, हेही ते सांगायचे. पण ते वाक्य शेवटचं असायचं आणि जरा हळू आवाजात.

संदीपने पुण्यात जुनी कार घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत ती घेऊन घरी आला. वस्तीतल्या सगळ्या लहान पोरांना त्याने फिरवून आणलं, आईला शेजारी बसवून वाशीमला नेलं. रिठदचा मंगेश हा त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. मंगेशच्या घरची शेती मोठी, त्याच्याकडे वडिलांची नवी गाडी होती. एका सकाळी दोघं आपापल्या गाड्या घेऊन नव्या मोठ्या महामार्गावर गेले. असा रस्ता आमच्या भागात पूर्वी नव्हता. सरळ, रुंद, मध्ये ना म्हैस ना फाटा. तिथे एकदा तरी जोरात गाडी पळवून बघावी असं कोणालाही वाटेल. कडेला एक ट्रक बिघडून उभा होता. धुकं होतं. संदीपची गाडी त्याच्या खाली गेली.

तो फोन मला आला, रिठदच्या थांब्यावर. आम्ही रिसोडहून वाशीमला निघालो होतो, गाडी भरलेली होती, बाजाराच्या टोपल्या दारापर्यंत होत्या. पलीकडच्या माणसाने हा नामदेवरावांचाच नंबर का असं विचारलं, मी कोण ते विचारलं, आणि सांगून टाकलं. भाऊ आरशातून माझ्याकडे बघत होते, सगळे चढले का म्हणून. मी दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली.

वाशीमपर्यंत मी तिकिटं फाडली. कोणाला सुटे दिले, कोणाला नाही, काही कळत नव्हतं. स्टँडवर सगळे उतरले तेव्हा भाऊ रोजच्यासारखे खाली उतरून टायर बुटाने ठोकून बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि सांगितलं. त्यांनी पाय खाली ठेवला. विचारलं, "कवा आला फोन?"

"रिठदले."

ते रिकाम्या गाडीच्या खिडक्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलं, बाई. गाडीत मानसं होती."

ते कंट्रोलरच्या खोलीत गेले, गाडी ताब्यात दिली, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे ती बघून घ्या म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर पायरीवर बसले ते त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं.

मातीला मी होते. वच्छलावहिनी रडत नव्हत्या, येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होत्या: गाडी जुनी होती, ब्रेक लागले नाहीत. बायांनी तेच पुढे सांगितलं आणि दोन दिवसांत ते सगळ्या गावाचं झालं. काही लोक भाऊंना वेगळंही सांगत होते. मंगेशने शर्यत लावली, त्यांचं पोरगं वाचलं आणि तुमचं गेलं, केस करा. भाऊंनी ऐकून घेतलं. "केस कोनावर करू?" म्हणाले. "इस्टेअरिंग माह्या पोराच्या हातात होतं."

पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची वंदना, झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते एकटेच त्या जागी जाऊन आले. काय बघायला गेले होते ते त्यांनी मला ड्यूटीवर परत आल्यावर सांगितलं. करकचून ब्रेक मारला की डांबरावर टायरचे काळे पट्टे उमटतात. तिथे पट्टे नव्हते. मी म्हणाले, ब्रेक निकामी असले तर पट्टे कसे उमटतील. "व्हय," ते म्हणाले, "तेच तं." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. रिसोडला चहा प्यायचे, पण जीपची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता घरात बसून संपणार. पण काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले तर अंगणात लोखंडी पाइपांचा एक सांगाडा उभा होता. भंगारातल्या मोपेडचं इंजिन, हातगाडीची छोटी चाकं, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय कापून केलेली सीट, जुन्या जीपमधून काढलेला पट्टा. जोडकाम वेल्डिंगवाल्या रफिकभाईंनी केलं होतं. गुडघ्याएवढी उंच गाडी. ती बघून मला हसू आलं आणि मग वहिनींकडे बघून ते गेलं.

वहिनी माझ्यासमोरच म्हणाल्या, "ज्यानं माह्या लेकराले खाल्लं तेच अंगनात आनून ठेवलं यायनं. बाई, तुमी सांगा. तुमचं आयकतात हे."

मी भाऊंना बाजूला घेऊन विचारलं, हे काहून करून राह्यले. ते पाना कापडाने पुसत होते. त्यांनी सांगितलं की रोज संध्याकाळी महामार्गाच्या पुलाखाली पोरं मोटारसायकली घेऊन जमतात आणि हँडल सोडून पळवतात. ते तिथे जाऊन बोलून आले होते. पोरांनी काका म्हणून मान दिला, पाणी पाजलं आणि ते वळल्याबरोबर पुन्हा गाड्या काढल्या. "त्यायले पळाचंच हाय, बाई. माह्या सांगन्यानं थांबत नाहीत," ते म्हणाले. "मंग इथं पळा. पोत्यायवर आदळा, हात मोडून घ्या. मरू नोका फक्त."

तुरी निघाल्यावर, उन्हाळा तापायच्या आधी, त्यांनी पहिला पट भरवला. आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, म्हणून लोकांनी याला छोट्या गाड्यांचा पट असं नाव दिलं. गावाबाहेर एका बागायतदाराची मुरमाड बरड होती, जिथे काही पिकत नाही, ती त्याने एका दिवसासाठी दिली. फी म्हणून प्रत्येकाने सोयाबीनच्या कुटाराचं एक पोतं आणायचं. त्या पोत्यांची वळणावळणावर भिंत करायची. गाडी आदळली तर पोत्यावर आदळेल, आणि पट झाल्यावर कुटार गोरक्षणाच्या जनावरांना. गाड्या रफिकभाईंनी भंगारातून उभ्या केलेल्या, कोणी कोणी आपापल्या जोडून आणलेल्या. ज्याला पट्टा बांधता येतो आणि पेडलवर पाय पोचतो त्याने चालवावी, वय विचारायचं नाही, एवढाच नियम. पाचवीतल्या मुली होत्या, अंगणवाडीच्या बाई होत्या, पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. त्यांनी हेल्मेटच्या आत मफलर गुंडाळला होता, आणि शर्यत चालू असताना त्यांचे व्याही कडेला दिसले म्हणून गाडी थांबवून त्यांची विचारपूस केली. पन्नाशीची मीही बसले. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीची दोरी ओढली होती, स्टेअरिंग पहिल्यांदा हातात आलं. मी शेवटून पहिली आले.

त्यांच्या पटात पहिला येणारा जिंकायचाच असं नाही. शेवटच्या रेषेपुढे चुन्याने एक चौकोन आखलेला असायचा. रेषा ओलांडून त्या चौकोनात गाडी उभी राहिली पाहिजे. पुढे सरकली तर बाद. पोरं चिडायची, सगळ्यांच्या पुढे येऊन बाद व्हायची, भाऊंशी वाद घालायची. भाऊ वाद घालायचे नाहीत. ते फक्त पुन्हा बसायला सांगायचे. आणि प्रत्येक नव्या माणसाजवळ उकिडवे बसून, त्याचा बूट आपल्या हाताने ब्रेकवर ठेवून, "दाब, सोड, दाब," असं म्हणत राहायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा बघवायचा नाही.

वहिनी पटाला आल्या नाहीत. वस्तीतले काही जण म्हणायचे, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. पोरगा गाडीने गेला आणि हा गाड्या पळवतो. घरी दोघांचं बोलणं कमी होत गेलं. त्या वाढायच्या, ते जेवायचे. मी गेले की दोघंही माझ्याशी बोलायचे, एकमेकांशी नाही.

दुसऱ्या वर्षी पटाच्या आधी भाऊ मला म्हणाले, रिठदला जायचं आहे, चला. माझ्या स्कुटीवर मागे बसून आले. मंगेशच्या घरासमोर उतरलो तेव्हा कुठे जायचं होतं ते मला कळलं. मंगेशचे वडील बाहेर आले. त्या घरातलं कोणी संदीपच्या मातीला आलं नव्हतं. भीतीने आले नसतील, लाजेने आले नसतील. त्यांना वाटलं भाऊ भांडायला आले. हात जोडून उभे राहिले, बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. भाऊंनी विचारलं, "पोरगा कुठं हाय?"

मंगेश आतून आला. एवढा उंच, भरल्या अंगाचा पोरगा वाळून गेला होता. अपघातानंतर तो नोकरीवर परत गेलाच नाही, गाडीच्या चाव्यांना हात लावत नाही, असं त्याच्या आईने मला दारातून हळूच सांगितलं. भाऊ त्याला एवढंच म्हणाले की रविवारी पट आहे, ये. मंगेशने मान हलवली नाही. परत आत गेला. येताना गाव आल्यावर भाऊ म्हणाले, "येईन तो."

त्या वर्षी तो आला नाही. पुढच्या वर्षी आला. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पोती भरायला लागला. दुपारी शेवटच्या फेरीची एक गाडी रिकामी राहिली तेव्हा भाऊ त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "बस." तो बसला. भाऊंनी त्याचा पट्टा स्वतः बांधला. त्याच्या पायाला मात्र हात लावला नाही.

मंगेश पहिल्यापासून पुढे होता. गाडी चालवणं त्याच्या अंगात होतं, ते विसरता येत नाही. वळणं सफाईने काढली, मागच्याला बरंच अंतर दिलं. लोक ओरडायला लागले. शेवटचं वळण सुटलं, समोर रेषा दिसत होती, आणि तिथेच त्याने गाडी थांबवली. रेषेच्या अलीकडे, रस्त्याच्या मध्ये. बाकीचे बाजूने काढून पुढे गेले. इंजिन चालू होतं आणि तो दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसला होता. त्याचा पाय ब्रेकवरून निघत नव्हता.

मी रेषेवर उभी होते, म्हणून पाण्याची बाटली घेऊन पहिली मी पोचले. मागून भाऊ चालत आले. कधी धावायचे नाहीत, तेव्हाही धावले नाहीत. ते गाडीशेजारी मुरमावर बसले, त्यामुळे त्यांचं डोकं मंगेशच्या डोक्याच्या बरोबरीला आलं. मग विचारलं, "त्या दिवशी तू पुढं होता का मांगं?"

"मांगं, काका."

"त्याच्या गाडीचे मांगचे लाल लाईट लागले होते का?"

मला तेव्हा समजलं की हा माणूस एवढी वर्षं कशासाठी थांबला होता. ब्रेक निकामी असले तरी पेडलवर पाय पडला की मागचे दिवे लागतात. संदीपने पाय ठेवला होता की नाही, हे जगात एकच माणूस सांगू शकत होता, जो त्याच्या मागे होता तो.

मंगेशने माझ्याकडे बघितलं. "काका, नका विचारू," तो म्हणाला.

"लागले होते का?"

"नाही."

भाऊंनी मान हलवली. गाडीच्या चाकावर हात टेकून उठले. "इंजिन बंद कर," म्हणाले, "तापलं हाय." आणि परत रेषेकडे गेले.

त्यांनी पट पूर्ण केला. जिंकलेल्या मुलीला स्टीलची बादली दिली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या वडिलांशी दोन शब्द बोलले. पोती बैलगाडीत चढली तेव्हा शेवटचं पोतं त्यांनीच उचललं. घरी सोडायला मी स्कुटी काढली. वस्तीच्या वळणावर त्यांनी मला थांबवलं.

"वच्छलेले नका सांगू, बाई," ते म्हणाले. "ब्रेक लागले नाही म्हनते ते. तेवढ्यावर जगून राह्यली."

मी नाही सांगणार म्हणाले.

पुढच्या वर्षीही पट झाला, पण भाऊ खुर्चीवर बसून होते. पूर्वी नव्या माणसाला ब्रेक शिकवायला ते कोणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. आता ते काम त्यांनी रफिकभाईंवर टाकलं. एक आई आपल्या लेकीला घेऊन त्यांच्यापाशीच आली, तुमीच शिकवा म्हणाली, तर ते म्हणाले, "मले जमत नाही ते." तिला वाटलं विनय आहे. बोलता बोलता मध्येच थांबायचे, दम लागायचा. वाशीमच्या डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्या ते वेळेवर घ्यायचे. सगळं वेळेवर करायचे, जसं काही अजून ड्यूटी आहे.

पावसाळ्यात एका दुपारी ते बाजेवर पडले होते. वहिनींनी चहा आणून ठेवला. झोप लागली असेल म्हणून त्या शेजारी पटकूर अंथरून निवडणं करत बसल्या. चहावर साय धरली तेव्हा त्यांनी हाक मारली.

आगारातले बरेच जण मातीला आले होते. वस्तीतली माणसं होती, बरडीचे मालक होते, पटात आदळून दात पाडून घेतलेला एक पोरगा होता. मंगेश आणि त्याचे वडीलही आले. मंगेशने खांदा दिला. वस्तीत काही जणांनी एकमेकांकडे बघितलं.

त्यानंतर अनसिंगची बरड मालकांनी दुसऱ्या कामाला दिली. पट यंदा इंझोरीजवळच्या माळावर झाला, रफिकभाईंनी आणि मंगेशने भरवला. गर्दी कमी होती. मंगेश स्वतः चालवत नाही. तो नव्या माणसांजवळ उकिडवा बसतो.

पट झाल्यावरच्या आठवड्यात मी वच्छलावहिनींकडे गेले. पट झाला हे सांगावं की नाही ते ठरत नव्हतं. त्यांनीच विचारलं, बरा झाला का. मी हो म्हणाले. त्यांनी चहा ठेवला, दारात येऊन बसल्या. एकटीच्या घरात असते तशी आवराआवर होती, कुठे काही हललेलं नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "त्या वर्षी पटात मंगेशनं यायले, तुमच्या डायवरभाऊले, सांगितलं ना?"

मी शब्द दिला होता, आणि ज्याला दिला तो आता नव्हता. मी चुलीवरच्या चहाकडे बघत राहिले.

"लाईट लागले नोते म्हनून," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, तुमाले कोनी सांगितलं.

मंगेशनेच, त्या म्हणाल्या. अगदी आधी, पुण्यानुमोदनाच्याही आधी, मागच्या दाराने आला होता. चुलीपाशी बसून लहान लेकरासारखा रडला आणि सगळं सांगून गेला. ते दोघं पळवत होते, संदीप पुढे होता, हात बाहेर काढून त्याला चिडवत होता, ट्रक त्याला दिसलाच नाही. वहिनींनी त्याला शपथ घातली होती, काकांना सांगू नको. "पोराले यायनंच शिकवलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यात आधी थांबनंच शिकवलं. तो ब्रेकवर पाय न ठेवताच गेला, हे यायले सोसलं नसतं. म्हनून ब्रेक लागले नाही असं मीच उठवलं. येनाऱ्या-जानाऱ्याले सांगत बसली. मले वाटे, लोकायकडून आयकून आयकून यायलेही खरं वाटन."

मग त्यांनी सांगितलं की आम्ही दोघं रिठदला जाऊन आलो त्या दिवशी त्यांना कळलं होतं, भाऊ आता त्या पोराला विचारल्याशिवाय राहणार नाहीत. पटावर त्यांचा राग आधीपासूनच होता, त्या दिवसापासून तो यासाठी वाढला. त्यांना वाटायचं, पट बंद पडला तर मंगेश यायचा नाही आणि विचारणंही होणार नाही. मंगेश आला त्या संध्याकाळी भाऊ घरी येऊन हातपाय धुऊन जेवायला बसले, आणि त्यांनी घास तोंडाजवळ नेऊन परत ताटात ठेवला, तेव्हाच त्या समजल्या.

"मंग तुमी काहून नाही बोलल्या?"

"यायनं काही म्हटलं असतं तं बोलली असती. हे काही म्हनेच ना. मले वाटलं, मले मालूम हाय हे कळलं तं यायले अजून लागन."

तेव्हा मी सांगितलं. भाऊंनी वस्तीच्या वळणावर मला थांबवून काय म्हटलं होतं ते, जसंच्या तसं. वच्छलेले नका सांगू, तेवढ्यावर जगून राह्यली.

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. वहिनींनी पदराने तोंड पुसलं, पण डोळे कोरडे होते.

"एवढ्या मोठ्या घरात नाही राह्यलो आमी, बाई," त्या म्हणाल्या. "एकच खोली. त्याच्यात दोघंही एकच गोष्ट एकमेकापासून दडवून बसलो. एकडाव संग बसून रडलो असतो. तेवढं राहून गेलं."